न बोलणाऱ्या माणसासमोर



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेचं निमंत्रण आलं तेव्हा विषय तुम्हीच ठरवा, असं विश्वस्तांनी मला सांगितलं होतं. मी कळवलं, ‘आत्महत्येबद्दल आपण कसं बोलतो’. दोन दिवसांनी फोन आला. हा शब्द पत्रिकेवर छापायचा का? बाहेरच्या फलकावर खडूनं लिहायचा का? समोरून शाळेची मुलं जातात. शेवटी विश्वस्तांनी शब्द छापला आणि फलकावरही लिहिला. त्याबद्दल मी त्यांचा मनापासून आभारी आहे. पण त्या फोनमागची भीती मला ओळखीची होती. आमच्याकडे रात्री कंदिलाच्या उजेडात सापाचं नाव घेत नसत. ‘लांबडं’ म्हणायचं, ‘जनावर’ म्हणायचं. नाव घेतलं की ते घरात येतं. आत्महत्येच्या बाबतीत आपण सगळे अजून त्या कंदिलाच्या उजेडात बसलेलो आहोत.

सुरुवातीला एक सांगून ठेवतो. आज मी कुणी ‘कसं’ केलं हे एकदाही सांगणार नाही. का सांगणार नाही, ते पुढे येईलच.

मी २८ वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. त्यातली पहिली बरीच वर्षं जिल्हा आवृत्तीत गेली. तालुक्याचे वार्ताहर रात्री फोनवरून बातम्या सांगायचे, आम्ही त्या उतरवून घ्यायचो, मथळा द्यायचो आणि पान सोडायचो. १९९४ सालच्या पावसाळ्यात अशीच एक एका स्तंभाची बातमी आली. तरुण मुलगा, वय बावीस. मोटारसायकलवरून वडिलांशी वाद झाला होता. मी मथळा दिला, ‘क्षुल्लक कारणावरून तरुणाची आत्महत्या’. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. हा मथळा आमच्याकडे जणू जुळवूनच ठेवलेला असे. गावाचं नाव तेवढं बदलायचं.

आठवड्यानं त्या मुलाची आई कार्यालयात आली. बरोबर तिचा भाऊ होता. आमच्या कार्यालयात कुणी चपला काढून येत नसे. तिनं पायरीवर काढल्या. घडी घातलेलं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारलं, “सायेब, ह्यो शबुद काय हाय?” भावानं तिला बातमी वाचून दाखवली होती. अर्थ मात्र तिला माझ्या तोंडून हवा होता. मी म्हणालो, “क्षुल्लक म्हणजे... लहानसं.”

ती म्हणाली, “लहानसं म्हंजी किती?”

मी गप्प बसलो. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिनं एवढंच सांगितलं, की पोरगा वरीसभर रातचा झोपत नव्हता. जेवायला बसला की ताटावरून उठून जायचा. मित्र तुटले होते. “त्ये काय न्हाई लिवलं तुमी,” असं म्हणून तिनं कात्रण परत घडी घालून घेतलं आणि ती गेली. तिची मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती.

श्रोतेहो, तिच्या त्या प्रश्नाभोवती मी तीस वर्षं फिरतो आहे. एका माणसाच्या मरणाचं कारण किती मोठं होतं हे मोजायची पट्टी मला कुणी दिली होती? आणि मुळात कारण एकच होतं, हे मला कुणी सांगितलं होतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेली. त्यांतली २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातली होती आणि हा आकडा सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे आपल्या राज्यात दिवसाला साधारण बासष्ट. त्याच अहवालात कारणांचा तक्ता असतो: कौटुंबिक समस्या, आजारपण, कर्ज, परीक्षेतलं अपयश. एका माणसापुढे एक कारण. पोलीस पंचनाम्यात जो रकाना भरतात तो बेरजेत जातो, बेरीज बातमीत येते आणि बातमी आपल्या बोलण्यात. दहावीच्या निकालानंतर आपण म्हणतो, नापास झाला म्हणून गेला. त्याच निकालात त्याच्याबरोबर हजारो मुलं नापास झालेली असतात. ती आहेत. मग हा का गेला? ज्यांनी या विषयावर आयुष्य घालवलं ते सांगतात की यामागे अनेक धागे एकमेकांत अडकलेले असतात: मनाचा आजार, दारू, एकटेपणा, अपमान, पैशाची ओढाताण, आणि त्या घटकेला धोकादायक गोष्ट हाताशी असणं. शेवटी जे घडलं ते शेवटचं असतं. एवढ्यावरून ते कारण ठरत नाही.

आता आपले शब्द पाहा. ‘टोकाचं पाऊल उचललं’ म्हणतो, ‘जीवनयात्रा संपवली’ म्हणतो, ‘मृत्यूला कवटाळलं’ असंही लिहितो. मी स्वतः हे सगळं लिहिलेलं आहे. मृत्यूला कवटाळलं! कवटाळतात कुणाला? आईला, लेकराला. एका असह्य वेदनेच्या घटकेला आपण काव्य चढवतो. दुसऱ्या बाजूला ‘पळपुटा’, ‘भ्याड’, ‘आईबापाचा विचार केला नाही’. तिसरा सूर सगळ्यांत मऊ आणि मला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते: ‘सुटला बिचारा एकदाचा.’ हे आपण प्रेमानं म्हणतो, पण कुणी ऐकून काय घेईल याचा विचार करत नाही.

आणि सरकारी शब्द? विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. २००६ च्या शासन निर्णयापासून शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये देण्यासाठी जिल्हा समिती प्रकरण तपासते. नापिकी, कर्जबाजारीपणा, तगादा. सातबारा कुणाच्या नावावर, कर्ज कुणाचं, थकलं होतं का? मग शिक्का बसतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. पैशाच्या हिशेबाला नियम लागतात, हे मला मान्य आहे. पण नवऱ्याचा दहावा-तेरावा उरकून बसलेल्या बाईच्या हातात कागद येतो, की तुझ्या नवऱ्याची आत्महत्या अपात्र आहे. जमीन सासऱ्याच्या नावावर होती म्हणून अपात्र, कर्ज बँकेचं नसून परवाना नसलेल्या सावकाराचं होतं म्हणून अपात्र. जुन्या कात्रणांच्या फायलीत हा शब्द मी पुष्कळ वेळा पाहिला आहे आणि अजूनही तो माझ्या घशाखाली उतरत नाही. ‘मदत मंजूर नाही’ एवढं लिहून भागलं नसतं का?

कायद्यातही हेच होतं. १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३०९ म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा. जो वाचला त्याच्या खाटेशी पहिला उभा राहणारा माणूस शिपाई. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका पोलीस शिपायाच्याच खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालय त्याच मताचं झालं, १९९६ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं ते फिरवलं. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्यानं सांगितलं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत ते जुनं कलम नाही. कायद्याला बोलणं बदलायला इतकी वर्षं लागली. पण घराघरांत अजून ‘पोलीस केस होईल’ या भीतीनं डॉक्टरला ‘चुकून झालं’ असं सांगितलं जातं आणि त्या माणसाला ज्या मदतीची सर्वांत जास्त गरज असते ती मिळायची राहून जाते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

जून २०२० मध्ये मुंबईत एका लोकप्रिय तरुण अभिनेत्याचा मृत्यू झाला. टाळेबंदी होती, सगळे घरात, सगळ्यांच्या हातात फोन. आठवून पाहा ते महिने. आपण काय बोलत होतो? वाहिन्या रात्रंदिवस तेच दाखवत होत्या आणि घरचा गट, सोसायटीचा गट, शाळेच्या जुन्या वर्गाचा गट, सगळीकडे सगळे तपास अधिकारी झाले होते. छायाचित्रं पुढे पाठवली जात होती. त्याच्याबरोबर दुःखाचे, संतापाचे, उपदेशाचे संदेश. माझ्या एका गटात ऐंशीच्या आसपास माणसं होती. वीसेक जण बोलत होते. उरलेले साठ?

ते वाचत होते.

मला आज एवढंच सांगायचं आहे. आत्महत्येबद्दल आपण जेव्हा बोलतो, पारावर, ओट्यावर, फोनवरच्या गटात, दहाव्याला जमलेल्या माणसांत, तेव्हा ज्याच्या मनात तो विचार आहे असा एखादा माणूस बहुतेक वेळा तिथे असतो. तो बोलत नाही, पण ऐकतो. आपण गेलेल्याबद्दल जे म्हणतो त्यावरून तो ठरवत असतो की आपल्याबद्दल ही माणसं काय म्हणतील. ‘भ्याड’ म्हटलं की त्याला कळतं, इथे सांगून उपयोग नाही. ‘सुटला’ म्हटलं की त्याला कळतं, सुटका अशी असते. ‘कशानं केलं?’ या आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याही कानावर पडतं. आणि दुसरा प्रश्न आपला ठरलेला, ‘चिठ्ठी सापडली का?’ त्याच्या आधीच्या वर्षभरात तो गेलेला माणूस कसा होता, हे आपण विचारतो का?

ही माझी कल्पना आहे असं समजू नका. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटेची, वेर्थर या नायकाच्या आत्महत्येवर संपणारी कादंबरी आली, तेव्हापासून युरोपात अनुकरणाची भीती बोलली जात होती. १९७४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञानं पहिल्या पानावरच्या बातम्या आणि नंतरच्या आत्महत्या यांचा संबंध मांडला आणि त्याला त्या नायकाचं नाव दिलं. मग व्हिएन्नाचं उदाहरण. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या बातम्या वर्तमानपत्रं मोठमोठ्या देत होती. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी संपादकांना विनंती केली की हे थांबवा, तपशील देऊ नका. संपादकांनी ऐकलं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्या रेल्वेतल्या आत्महत्या झपाट्यानं घटल्या आणि पुढची कित्येक वर्षं कमी राहिल्या. रूळ तेच, गाड्या त्याच. मी उपसंपादक असल्यामुळे ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा माझे हात गार पडले होते. तसले कितीतरी मथळे माझ्या हाताखालून गेले होते. आपल्या प्रेस कौन्सिलनंही २०१९ मध्ये अशा सूचना दिल्या: ठळक जागा नको, पद्धत नको, ठिकाणाचा तपशील नको, छायाचित्र नको. वर्तमानपत्रांपुरतं ठीक. पण आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे, त्याला सूचना कोण देणार?

त्याच व्हिएन्नातून २०१० मध्ये दुसरी गोष्ट पुढे आली आणि मला ती जास्त मोलाची वाटते. संशोधकांनी शेकडो बातम्या तपासल्या. ज्या मजकुरात एखाद्या माणसाला असा विचार आला होता, पण त्यानं तो काळ निभावून नेला असं सांगितलेलं होतं, त्या मजकुरानंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. त्यांनी त्याला मोझार्टच्या संगीतिकेतल्या पापागेनोचं नाव दिलं. तो निराश होतो आणि तीन मुलं त्याला दुसऱ्या वाटेची आठवण करून देतात. म्हणजे बोलण्यानं जसं नुकसान होतं तसं बोलण्यानं माणूस राहतोही. गप्प बसणं हा उपाय नाही. फलकावर शब्द लिहिला म्हणून मी विश्वस्तांचे आभार मानले ते यासाठी.

आपल्याकडे पापागेनोच्या गोष्टी कुणी सांगत नाही. मेलेल्याची बातमी होते, निभावलेल्याची होत नाही. तुमच्यापैकी कितीजणांच्या आयुष्यात अशी रात्र येऊन गेली असेल? मी हात वर करायला सांगणार नाही. पण ती रात्र गेली, तुम्ही इथे आहात, ही गोष्ट घरातल्या एका तरी माणसाला माहीत आहे का?

इथे नेहमी एक शंका निघते. विचारलं आणि त्यामुळेच डोक्यात आलं तर? २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांतल्या दोन हजारांहून अधिक मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ प्रश्न विचारले, अर्ध्यांना नाही. विचारलेल्यांची अस्वस्थता वाढली नाही. जी मुलं आधीच खचलेली होती त्यांची उलट थोडी कमी झाली. लपवून ठेवलेलं ओझं कुणी तरी नाव घेऊन विचारलं, की ते खाली ठेवता येतं. आपल्या आज्या हे विचारत असत. ‘काही बरंवाईट करून घ्यायचं तर मनात नाही ना रे?’ बरंवाईट! केवढा जपून वापरलेला शब्द. पण विचारायच्या. आपण मात्र म्हणतो, ‘पॉझिटिव्ह राहा.’

विचारल्यावर करायचं काय? गप्प ऐकायचं. ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीत लोक जगतात’ हे सांगायचं नाही. ‘आईचा विचार कर’ हेही नाही. बहुतेकांनी तो केलेला असतो आणि आपण आईला भार झालो आहोत असं त्यांना वाटू लागलेलं असतं. त्या रात्री त्याला एकटं सोडायचं नाही, धोकादायक वस्तू हाताशी ठेवायच्या नाहीत, आणि सकाळी डॉक्टरकडे त्याच्याबरोबर जायचं. ‘जाऊन ये’ म्हणायचं नाही, बरोबर जायचं.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत काही वर्षांपूर्वी एक काम झालं, विश्राम नावाचं. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेतली मंडळी त्यात होती. गावात राहणारी साधी माणसं तयार केली, बैठका घेतल्या. सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांतली जेमतेम चार कुणाकडे मदतीला जात होती. दीड वर्षानं सत्तावीस जाऊ लागली. आत्महत्येचे विचार येतात असं सांगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. वऱ्हाडातला माणूस ‘मला नैराश्य आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो टेन्शन आहे, झोप नाही, डोकं भणभणतं. त्याच्या शब्दात विचारलं तर तो सांगतो.

आता आमच्या शाळेतल्या गुरुजींकडे येतो, त्यांच्या घरची मंडळी आज इथे आहेत. इथे बसलेल्या जुन्या मंडळींना माहीत असेल, की दहावीचा निकाल लागला की गुरुजी दुपारी पोस्टात जायचे आणि कार्डांचा गठ्ठा आणायचे. पास झालेल्यांना नाही. नापास झालेल्यांना पत्र जायचं. १९७८ मध्ये एक मलाही आलं. गणितात गेलो होतो. तीन दिवस मी घरात कुणाशी बोललो नव्हतो आणि त्या तीन दिवसांत माझ्या मनात काय काय येऊन गेलं, हे मी आज वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच जाहीरपणे कबूल करतो आहे. कार्डावर तीन ओळी होत्या. निकाल कळला. ऑक्टोबरचा फॉर्म भरायचा आहे, रविवारी सकाळी ये. येताना तुमच्या परसातला कढीलिंब आण, घरी सांगितलं आहे.

उपदेश नव्हता. ‘अपयश ही यशाची पायरी’ नव्हती. रविवार होता आणि कढीलिंब होता. कुणी तरी रविवारी माझी वाट पाहणार होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी मला सान फ्रान्सिस्कोच्या जेरोम मोटो या मानसोपचारतज्ज्ञाबद्दल वाचायला मिळालं आणि मी त्या पानावर अडकलो. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात ट्रक चालवत. थोडीशी ओळख असलेली एक मुलगी त्यांना पत्रं लिहायची, आणि त्या पत्रांनी आपल्याला तगवलं हे ते विसरले नाहीत. पुढे त्यांनी निराशेमुळे रुग्णालयात राहून गेलेल्या आणि पुढचे उपचार नाकारलेल्या ८४३ माणसांपैकी निम्म्यांना पाच वर्षं छोटी पत्रं पाठवली. तुम्ही कसे आहात, कळवावंसं वाटलं तर कळवा, इतकंच. काही मागणं नाही. पत्रं मिळालेल्यांत आत्महत्येनं गेलेले कमी होते, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे कमी. आपल्या चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी असाच प्रयोग झाला. प्रयत्नातून वाचलेल्यांशी एकदा नीट बोलायचं आणि मग दीड वर्ष अधूनमधून फोन किंवा भेट. २००८ मध्ये निष्कर्ष आले: नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हजारी बावीस गेले, संपर्क ठेवलेल्यांत दोन.

गुरुजींनी मोटोंचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांच्या कार्डांची मोजदादही कुणी ठेवलेली नाही.

शेवटची एक हकिगत. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये चॅड व्हारा नावाच्या तरुण धर्मोपदेशकाला पहिला अंत्यविधी करावा लागला तो एका कोवळ्या मुलीचा. तिला पाळी आली होती आणि आपल्याला भयंकर रोग झाला असं तिला वाटलं होतं. विचारायला कुणी नव्हतं. १९५३ मध्ये लंडनच्या एका चर्चमध्ये त्यांनी अशा माणसांसाठी फोन ठेवला. लोक प्रत्यक्षही येऊ लागले, रांग लागली. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला काही स्वयंसेवक होते. थोड्या दिवसांत व्हारांच्या लक्षात आलं, की चहा घेता घेता बाहेरच बोलून पुष्कळ जण मोकळे होऊन घरी जातात, आत त्यांच्याकडे येतच नाहीत. त्यांनी फोन त्या चहावाल्या स्वयंसेवकांच्या हाती दिला. सॅमॅरिटन्स ही संस्था तिथून उभी राहिली.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दाराशी कार्डं ठेवली आहेत, त्यांवर क्रमांक लिहिला आहे. स्वतःसाठी नको असेल तर कुणासाठी म्हणून घ्या. कुणी विचारणार नाही.

मी लगेच निघणार नाही. माझी गाडी साडेदहाची आहे, तोवर डावीकडच्या वाचन कक्षात बसणार आहे. विश्वस्तांनी चहा सांगितला आहे. बोलायलाच हवं असं नाही.